जुनी हायब्रिड घेताना बॉनेटआधी डिकी उघडा

मुंबईतल्या चारकोपचे सेक्टर १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने पाडलेल्या छोट्या प्लॉटांवर उभे राहिले. त्या आखणीत मोटारीला फारशी जागा नव्हती. आजही गाडी गल्लीत, झाडाखाली, मिळेल तिथे लागते. तिथवर चार्जिंगची वायर ओढणार कोण? प्लग न लागणारी हायब्रिड इथे सोयीची पडते ती त्यामुळेच. नवी महाग वाटली की नजर जुन्या बाजाराकडे वळते.

हायब्रिड, पण कुठली?

मारुतीने २०१५मध्ये सियाझ डिझेलला ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हटलं. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते. एकट्या विजेवर गाडी चालत नाही. विजेवर चालते ती स्ट्राँग हायब्रिड. होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा २०२२मध्ये आल्या, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस. ग्रँड व्हिटारा तर स्मार्ट आणि स्ट्राँग, दोन्ही रूपांत मिळते. विक्रेता ‘हायब्रिड आहे’ म्हणाला आणि गाडीत क्लच दिसला, तर ती स्ट्राँग नव्हे.

पैसे कुठे वाचतात?

ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत परत भरते. म्हणून संध्याकाळी लिंक रोडवर मुंगीच्या पावलाने सरकताना हायब्रिड खरी कमाई करते; एक्स्प्रेस वेवर फरक कमी पडतो. महिन्याला १,००० किलोमीटर धरा. साध्या ऑटोमॅटिकने शहरात लिटरला ११ दिले आणि हायब्रिडने २०, तर सुमारे ४१ लिटर वाचतं. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिना सव्वाचार हजार. गाडी फक्त रविवारी निघणार असेल, तर जास्तीचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातील.

डिकीतली बॅटरी

सिटीची डिकी ५०६ लिटरची. हायब्रिडमध्ये उरते ३०६. मधली जागा बॅटरीने खाल्लेली असते. या बॅटरीवर साधारण ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तोवर वॉरंटी असते आणि ती पहिल्या मालकाच्या खरेदीच्या तारखेपासून मोजतात. सर्व्हिसची नोंद सलग आहे का, वॉरंटी तुमच्या नावावर चालेल का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच विचारा. बॅटरीची तपासणीही तिथेच स्कॅनरवर करून घ्या. हवा ओढणाऱ्या जाळीत धूळ, केस अडकले असतील तर बॅटरी तापते.

चालवून बघताना चार्जचे दांडे पटापट चढत-उतरत असतील किंवा पंखा सतत घोंघावत असेल, तर सावध व्हा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत आणखी एक गंमत होते: मोठी बॅटरी ठणठणीत असूनही १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते आणि ‘रेडी’ दिवा लागतच नाही. हा खर्च मात्र किरकोळ आहे.

पाण्यात बुडालेली गाडी

पुराचं पाणी शिरलेली हायब्रिड कितीही स्वस्त मिळाली तरी नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसेल. डिकीतला गालिचा उचलून वास घ्या. नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या जोडांवर गंज दिसतो का ते नुसतं बघा, हात लावू नका.

कागद

आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, थकलेली ई-चलानं तपासा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. इन्शुरन्सही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो किमतीत मोजू देऊ नका.

सौदा ठरवायला बसाल तेव्हा रंग, टायर, म्युझिक सिस्टीम यांवर घासाघीस होईलच. पण बॅटरीचा स्कॅन रिपोर्ट हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.