कळ दाबणारा संगणक

अमेरिकन चित्रकार सॅम्युअल मॉर्स याने दिनांक २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तथापि मॉर्सच्या नावाने चालणारी टिंबे व रेघा मात्र मावळल्या नाहीत. सरकारी परवाना घेऊन बिनतारी संदेश पाठविणारे हौशी लोक त्या आजही वापरतात. पूर्वी ते हाताने कळ दाबीत. आता त्यांतील कित्येक जण हे काम संगणकाकडे सोपवितात.

कळ म्हणजे दोन तारा जोडणारे व तोडणारे साधे साधन. संगणकाला बोटे नाहीत. म्हणून तो आपल्या एका तारेवरील विद्युत्-दाब वाढवितो. तेवढ्याने मध्ये बसविलेला ट्रान्झिस्टर त्या दोन तारा जोडून देतो. दाब उतरला की जोड सुटतो.

इतकी सरळ रचना बिघडते कशी? समजा, कळ मुळी दाबलीच जात नाही. अशा वेळी सगळेच उसकटून बसणे व्यर्थ होय. प्रथम संगणकाची तार काढून प्रक्षेपकाला हाताची कळ जोडावी. तिने तो बोलू लागला, तर दोष त्याच्यात नाही, अलीकडे आहे. मग तारेच्या टोकाशी मापक लावून जोड होतो की नाही ते पाहावे. होत नसेल, तर बहुधा संगणकाला भलत्याच मार्गाचा क्रमांक सांगितलेला असतो!

याच्या उलट, संगणक सुरू होताच कळ दाबलेलीच राहते, असेही घडते. कारण काही संगणक आरंभीच त्या तारेवर दाब चढवितात. अशाने प्रक्षेपक तापतो आणि त्या लहरीवर दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. एखादा संकटात सापडलेला मनुष्य नेमका त्याच वेळी साद घालीत असेल, तर त्याची हाक ऐकू कशी यावी? म्हणून संगणकाचे काम स्थिर झाल्यावरच प्रक्षेपक चालू करावा, आणि पहिली परीक्षा आकाशकाला न जोडता, शक्ती शोषून घेणाऱ्या रोधकावर करावी.

सर्वांत फसवा दोष काळाचा. मिनिटाला २० शब्द या वेगात टिंब सेकंदाच्या ६० सहस्रांशाइतके असते. रेघ त्याच्या तिप्पट. एका अक्षरातील खुणांमध्ये एका टिंबाचे अंतर, तर दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांचे. 'ए' हे इंग्रजी अक्षर म्हणजे टिंब आणि रेघ. संगणक त्या दोहोंच्या मध्ये क्षणभर दुसऱ्याच कामात गुंतला, तर अंतर वाढते आणि ऐकणारा 'ई' व 'टी' अशी दोन अक्षरे लिहून घेतो. यावर चांगला उपाय असा की, टिंबे-रेघा मोजण्याचे काम एका छोट्या, स्वतंत्र मंडलाला द्यावे. संगणकाने केवळ अक्षरे पुरवावीत.

आणखी एक चमत्कारिक खोड आहे. थोड्या शक्तीवर सारे सुरळीत चालते, परंतु शक्ती वाढविताच कळ अडकते. येथे प्रक्षेपकाच्याच लहरी तारेत शिरून ट्रान्झिस्टरला फसवितात. तारेला फेराइटच्या कड्यातून दोन-चार वेढे दिले, की बहुधा ही खोड जाते.