आधी काय संपते?

वसतिगृहात वर्षारंभी शैक्षणिक साहित्याचे वाटप होते. प्रत्येक विद्यार्थ्यास सहा वह्या आणि एक कंपासपेटी द्यावयाची असून भांडारात ५४० वह्या व १०० पेट्या आहेत, असे समजू. वह्या पेट्यांच्या पाचपटींहून अधिक. तरीही नव्वद विद्यार्थ्यांनंतर वाटप थांबते, ते वह्यांमुळेच. दहा पेट्या पडून राहतात. रासायनिक अभिक्रियेतही जो पदार्थ आधी संपतो, तोच उत्पादिताचे प्रमाण ठरवितो. त्यास मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात.

तो ओळखताना वजनावर विसंबू नये. परीक्षार्थी नेमके येथेच फसतात. स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्युटेन घेऊ. त्याचे २ मोल पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे १३ मोल लागतात. ब्युटेनचा एक मोल ५८ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा. आता ११६ ग्रॅम ब्युटेन आणि ३५२ ग्रॅम ऑक्सिजन एकत्र आले. ऑक्सिजन वजनाने तिपटीहून अधिक! परंतु भागाकार केला, की ब्युटेन २ मोल आणि ऑक्सिजन ११ मोल भरतो. हवे होते १३. तुटवडा ऑक्सिजनचाच.

मग जादा ब्युटेन त्या दहा पेट्यांसारखा निमूट पडून राहतो काय? पाठ्यपुस्तकातील गणितात राहतो, ज्योतीत नव्हे. तेथे कार्बनचा काही अंश अर्धवट जळतो. वरील आकड्यांचा एक हिशेब असा बसतो : कार्बन डायऑक्साइड ४ मोल, पाणी १० मोल आणि कार्बन मोनॉक्साइड ४ मोल. प्रत्यक्षात काजळीही धरते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण गॅस पेटल्यावर तेही जळते, त्यामुळे नाक सावध करीत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असता हवेतील ऑक्सिजन घटत जातो. स्नान करणाऱ्याचे डोके दुखते, गरगरते आणि कडी काढण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. शेगडीची निळी ज्योत पिवळी पडून भांड्याचे बूड काळवंडू लागले, तर खिडकी उघडावी आणि बर्नर साफ करून घ्यावा.