बटूची पावले

दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. वामनाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. इवलासा बटू, मागणे अवघे तीन पावलांचे. आणि पाहता पाहता दोन पावलांत त्रिभुवन व्यापले! या बटूची आठवण होण्याचे कारण असे की, 'नॅनो' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थही बटूच. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आणि शास्त्रज्ञ ज्यांना नॅनोकण म्हणतात, ते १ ते १०० नॅनोमीटरचे!

एवढ्याशा कणाला भ्यायचे कशाला, असे कुणी विचारील. पण खडीसाखर आणि पिठीसाखर यांतला फरक गृहिणींना काय सांगावा? वस्तू एकच, पण एक दुधात सावकाश विरघळते, दुसरी चटकन. बारीक केले की पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर तो ६००० चौरस मीटर भरेल! पिवळेधमक सोनेदेखील या आकारात लाल दिसते. गुण असे पालटतात, तर अवगुणही पालटत नसतील कशावरून?

हा प्रश्न वेळेवर न विचारल्याची शिक्षा जगाने भोगली आहे. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ घातक आहे, असे ल्यूसी डीन या ब्रिटिश कारखाना-निरीक्षक बाईंनी १८९८ साली लिहून ठेवले. ब्रिटनमध्ये त्यावर पुरती बंदी आली १९९९ साली! मधल्या शतकात अनेक कामगारांच्या छातीचा भाता झाला. म्हणूनच ब्रिटिश सरकारने २००३ मध्ये रॉयल सोसायटी आणि तेथील अभियांत्रिकी अकादमी यांना नॅनोपदार्थांचा विचार करण्यास सांगितले. २००४ च्या अहवालात त्यांनी बजावले, की हे कण नवी रसायने समजूनच तपासावेत, आणि त्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा.

अशा संशोधनाचे एक उदाहरण अगदी मिठाईतलेच आहे. गोळ्या, च्युइंग गम यांना शुभ्रपणा यावा म्हणून टिटॅनियम डायॉक्साइडची पूड वापरतात. तिच्यातले काही कण नॅनो आकाराचे असतात. फ्रान्सच्या सरकारी कृषी-संशोधन संस्थेने ती शंभर दिवस उंदरांना पाण्यातून पाजली. २०१७ साली निष्कर्ष आला: ४० टक्के उंदरांच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाच्या पूर्वखुणा आढळल्या. 'उंदरांवरून माणसांविषयी एकदम अनुमान काढू नका,' असेही त्याच शास्त्रज्ञांनी सांगितले. पुढे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हटले, की ही पूड खाण्यात सुरक्षित आहे असे आता मानता येत नाही. आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने ती खाद्यपदार्थांतून हद्दपार केली. उलट, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये तिला निर्धोकच ठरवले.

मग खरे कुणाचे? वाद संपलेला नाही. पण तो निदान उघड्यावर, पुरावा समोर ठेवून चालला आहे. माल विकणाऱ्यानेच स्वखर्चाने त्यातली खोट शोधावी, ही अपेक्षा भाबडी होय. ज्याला त्या मालाच्या नफ्यातोट्याशी कर्तव्य नाही, अशानेच ते काम करावे. आणि अशा माणसाचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातूनच जायला हवा. आपल्याकडे २००७ साली नॅनो मिशन सुरू झाले. लखनौच्या विषविज्ञान संस्थेत या कणांच्या विषारीपणाचा अभ्यास होतो. नवी वस्तू घडविण्याच्या कौतुकात या दुसऱ्या कामाला निधी देताना हात आखडू नये.

आपण मात्र शंका काढणाऱ्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणून मोकळे होतो. पण पाण्याची धार सुटण्यापूर्वी 'हा बटू साधा नाही' असे बळीला सांगणारा तोच एकटा होता. बळीने त्याचे ऐकले नाही. निदान आपण तरी अशा शुक्राचार्याचा डोळा फोडू नये!