विमानाला टिचकी का मारतात?

माठ घेताना आई त्यावर टिचकी मारून बघते ना? खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमानं तुम्ही रोज पाहता. त्यांचे काही भागही असेच ठोकून तपासतात!

हे भाग सँडविचसारखे असतात. दोन्ही बाजूंना कार्बन किंवा काचतंतूंचा पातळ थर आणि मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. वजन कमी, ताठपणा भरपूर. पण थर आणि पोळं यांना धरून ठेवतो तो फक्त चिकटवणारा पदार्थ. ओलावा शिरला, मार बसला किंवा चिकटवताना पृष्ठभाग स्वच्छ नसला, की ही पकड सुटू शकते. उंचावर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो, मग घरांत अडकलेली हवा थराला आतून बाहेर ढकलते. त्यामुळे सुटलेली जागा उड्डाणागणिक वाढू शकते.

६ मार्च २००५ रोजी क्युबाहून कॅनडाला निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या एअरबस ए३१० विमानाचं रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, हवेतच तुटून पडलं. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवलं. रडर असंच सँडविचचं होतं. चौकशीत दिसलं की, असं नुकसान वेळेत सापडावं इतकी तपासणीची पद्धत पुरेशी नव्हती.

मग ठोकून काय कळतं? जिथे थर सुटलाय तिथे तो आधाराविना लवचिक होतो, म्हणून आवाज बद्द येतो. पण थर जाड असेल किंवा बिघाड पलीकडच्या बाजूला असेल, तर कानाला फरक कळत नाही. तिथे अल्ट्रासाउंड वापरतात. मध्ये फट असली की ध्वनिलहरी पलीकडे नीट पोचत नाहीत.

आता खरी गोम ऐका. थर पोळ्याला नुसता टेकलेला असेल, फट नसेल, पण पकड कमजोर असेल तर? लहरी आरपार जातात आणि सगळं ठीक वाटतं! म्हणजे या चाचण्या फट शोधतात, पकड किती मजबूत आहे ते मोजत नाहीत. त्यासाठी त्याच पद्धतीने बनवलेले नमुने यंत्रात ओढून, थर सोलून, चक्क तोडून बघतात. आणि मुळात चिकटवतानाची स्वच्छता, तापमान, दाब काटेकोर सांभाळावे लागतात.

करून बघा: घरातल्या लाद्या नाण्याने ठोका. कुठली पोकळ वाजते? तिथे खडूने खूण करा आणि वर्गात सांगा.