पॉल रॉबसन : ज्यांच्या आवाजाला सरकार घाबरले!

एप्रिल हा आमचा महिना. 11 तारखेला महात्मा जोतीराव फुले आणि 14 तारखेला विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. याच महिन्याच्या 9 तारखेला, 1898 साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन या गावी पॉल रॉबसन यांचा जन्म झाला. गायक आणि नट म्हणून एके काळी हे नाव जगभर गाजत होते. आज आमच्या किती तरुणांना ते ठाऊक आहे? अमेरिकेतल्या तरुणांनाही ते फारसे ठाऊक नाही, आणि हे आपोआप घडलेले नाही. ते नाव पुसण्यात आले. कसे पुसले, हे आंबेडकरी चळवळीने नीट समजून घेतले पाहिजे.

रॉबसन यांचे वडील जन्माने गुलाम होते. 1860 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते मालकाच्या मळ्यावरून पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. पुढे तिकडची गुलामी कायद्याने संपली. ती संपविण्यासाठी झिजलेल्या अमेरिकेतील लोकांना जोतीरावांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या मुक्तीचे कौतुक केले, त्या मुक्तीच्या पहिल्या फळांपैकी एक म्हणजे पॉल रॉबसन!

दुसरा धागा याहून जवळचा आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1920 साली त्याच विद्यापीठात रॉबसन कायदा शिकायला आले. त्याआधी रटगर्स महाविद्यालयात ते शिष्यवृत्तीवर शिकले होते, अभ्यासात अव्वल होते, आणि फुटबॉलमध्ये देशातील सर्वोत्तम अकरांत त्यांची निवड झाली होती. 1923 साली कायद्याची पदवी घेऊन ते एका वकिलांच्या कचेरीत रुजू झाले. तेथील गोऱ्या लघुलेखिकेने, काळ्या माणसाने सांगितलेले आपण लिहून घेणार नाही, असे तोंडावर सुनावले. बडोद्याच्या कचेरीतील शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर फाइली लांबून फेकत, ते वर्ष 1917. दोघांकडेही कोलंबियाची विद्या होती. एकीकडे जात आडवी आली, दुसरीकडे कातडीचा रंग. रॉबसन यांनी वकिलीला रामराम ठोकला. आम्ही वकिली करतो, म्हणून सांगतो, त्या कचेरीने एक उत्तम वकील घालवला. पण जगाला एक अफाट गायक मिळाला.

काळ्या गुलामांची भक्तिगीते तोवर चर्चमध्ये आणि मळ्यांवर गायली जात. 1925 साली साथीदार लॉरेन्स ब्राऊन यांच्यासह रॉबसन यांनी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर फक्त याच गीतांची आणि काळ्यांच्या लोकगीतांची मैफल केली. गुलामांच्या दुःखाला शास्त्रोक्त संगीताच्या पंक्तीत बसवणारी ही घटना होती. 1930 साली लंडनमध्ये त्यांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो उभा केला. तोपर्यंत बहुतेक गोरेच नट तोंडाला काळे फासून ही भूमिका करीत. 1943 साली ब्रॉडवेवर हेच नाटक आले आणि त्याचे 296 प्रयोग झाले. मिसिसिपी नदीवरच्या त्यांच्या सुप्रसिद्ध गाण्यात मूळचा सूर थकल्या-हरलेल्या माणसाचा होता. रॉबसन यांनी पुढे त्याचे शब्दच बदलले आणि तेथे लढण्याची भाषा आणली. कोलंबियातच शिकायला गेलेल्या भूपेन हजारिका यांनी त्याच गाण्यापासून प्रेरणा घेऊन ब्रह्मपुत्रेचे गाणे रचले.

चित्रपटांनी मात्र त्यांना फसवले. 1935 च्या 'सँडर्स ऑफ द रिव्हर' या चित्रपटात आफ्रिकेवरील इंग्रजी राज्याचा उदोउदो झाला, तेव्हा रॉबसन यांनी स्वतःच्याच चित्रपटाची निंदा केली. 1942 साली तर हॉलिवूडच सोडले, कारण तेथे काळ्या माणसाला विदूषक किंवा नोकर याखेरीज काही होता येत नव्हते. पैशासाठी कोणतीही भूमिका अंगाला लावून घेणाऱ्या आमच्याकडील कलावंतांनी ही गोष्ट वाचावी.

ते वेल्सच्या खाणकामगारांत गेले. स्पेनच्या युद्धात आघाडीवरील सैनिकांसाठी गायले. काळ्यांना झुंडीने ठार मारण्याविरुद्ध कायदा करा, असे 1946 साली त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना समोर बसून सांगितले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या काळ्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. हे डु बॉइस रॉबसन यांचे चळवळीतले निकटचे सहकारी. 1951 साली अमेरिकेवर काळ्यांच्या वंशसंहाराचा आरोप करणारा दुसरा अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क कचेरीत दाखल झाला, तेव्हा तो घेऊन जाणाऱ्यांचे नेतृत्व रॉबसन यांनी केले.

मग सूड सुरू झाला. 1949 साली पीकस्किल येथे त्यांच्या मैफलीला आलेल्या श्रोत्यांवर दगडांचा वर्षाव झाला. 1950 साली पासपोर्ट रद्द झाला. सभागृहे मिळेनात, ध्वनिमुद्रिका निघेनात. फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात 1918 च्या संघात दहाच खेळाडू छापले गेले. अकरांच्या खेळात दहांचा संघ! वगळलेला अकरावा कोण, हे सांगायला नको.

त्यांच्यावर कोणता गुन्हा होता? कोणताही नाही. ना आरोपपत्र, ना खटला, ना शिक्षा. आफ्रिकेतील गुलाम देशांच्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षे खटपट करतो, हेही कारण सरकारी वकिलांनी न्यायालयात पुढे केले होते! 1952 साली ते कॅनडाच्या सीमेवर ट्रकवर उभे राहिले आणि पलीकडच्या हजारो श्रोत्यांसाठी अलीकडून गायले. 1957 साली समुद्राखालच्या टेलिफोन केबलवरून त्यांचा आवाज लंडनच्या आणि वेल्सच्या सभागृहांत पोहोचला. माणसाला रोखता आले, आवाजाला नाही.

1958 साली त्यांच्या साठीचा सोहळा भारतात व्हायचा होता. समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, आणि पंतप्रधान नेहरूंनी गौरवाचे निवेदन दिले होते. अमेरिकी अधिकाऱ्यांनी दडपण आणून पाहिले, तरीही सोहळा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये चित्रकार रॉकवेल केंट यांच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की, मतांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याला नाही. त्यामुळे रॉबसन सुटले. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग खटल्यात 1967 साली ठरवले. मेनका गांधी खटल्याचा निकाल 1978 चा. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 21 ची ही फळे आहेत. पण कलम असले तरी काळ निघून जातोच. शाहिरी करणाऱ्या कबीर कला मंचाच्या सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना 2020 साली अटक झाली. दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात गेलेली वर्षे कोण परत देणार?

एक गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. 1949 साली रॉबसन मॉस्कोत गेले, तेव्हा यहुदी लेखकांवर कोसळलेले संकट त्यांना तेथे कळले होते. मंचावरून त्यांनी वॉर्सातील यहुद्यांच्या बंडाचे गीतही गायले. परंतु मायदेशी परतल्यावर स्टालिनच्या राजवटीविरुद्ध ते बोलले नाहीत. 1956 साली काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेच्या मार्गावर नेमके बोट ठेवले होते. रॉबसन यांना ते बोट ठेवता आले नाही. वर्णद्वेषाने पोळलेल्या माणसाला रशियात माणसासारखे वागवले गेले, हे आम्ही समजू शकतो. त्या मौनाचे समर्थन करू शकत नाही.

पासपोर्ट मिळाला तेव्हा ते साठीला पोहोचले होते. 1959 साली इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड येथे पुन्हा ऑथेल्लो केला. पुढे प्रकृती ढासळली. अखेरची वर्षे फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी गेली. 23 जानेवारी 1976 रोजी त्यांचे निधन झाले. बंदीच्या काळात जेथे ते गात असत, त्या हार्लेममधील चर्चमध्येच त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांचे नाव लागले ते 1995 साली.