उभ्या कड्यावरचे रबर

1935 साली इटलीच्या उत्तर सीमेवरील पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक मृत्यू पावले, तेव्हा या अनर्थास हवामानाइतकीच पायांतील पादत्राणेही कारणीभूत आहेत, अशी खूणगाठ मिलानचे गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी मनाशी बांधली. त्या काळी पायथ्यापासून खिळे ठोकलेले जड चामडी बूट घालून जावयाचे आणि प्रत्यक्ष कडा लागला म्हणजे ते उतरवून हलके जोडे चढवावयाचे, असा शिरस्ता होता. पण हे जोडे बर्फावर कुचकामी ठरत, आणि खिळे बर्फ घट्ट धरीत असले तरी लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्यामुळे पायाची ऊब बाहेर पळवीत. ब्रामानींनी टायरचे कारखानदार पिरेली यांच्या द्रव्यसाहाय्याने खोल खाचांचा रबरी तळ सिद्ध करून 1937 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांनी काढलेली ‘व्हिब्रम’ ही पेढी आजही त्यांच्याच घराण्याकडे आहे, आणि 1954 साली के-टू प्रथम सर करणाऱ्या इटालियन वीरांच्या बुटांना तिचाच तळ होता.

शाळेत शिकविलेला घर्षणाचा नियम, की ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, रबर मुळीच जुमानीत नाही. गंधकाने जागोजाग सांधलेल्या त्याच्या लांबलचक रेणुशृंखला भाराखाली दबून खडकाच्या सूक्ष्म उंचवट्यांत शिरतात. पाय सरकू लागला की त्या उंचवट्यांवरून रबर पुनःपुन्हा दबते व फुलते, परंतु दबताना घेतलेली सारी ऊर्जा ते परत करीत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो, आणि हा तोटाच घसरणाऱ्या पायाला आवर घालतो. म्हणूनच उसळत्या चेंडूला उत्तम असलेले रबर कड्यावर निकृष्ट ठरते. मऊ रबर पकड चांगली देते, पण लवकर झिजते. थंडीत तेच कडक होते. सबब प्रत्येक मिश्रण ही एक तडजोडच होय. आणि सह्याद्रीतील शेवाळलेल्या कातळावर तर रबर खडकापर्यंत पोहोचतच नाही, तेथे कोणत्याही नामांकित तळाची मातब्बरी चालत नाही!

आधुनिक बुटांत या रबरावर बहुधा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो, आणि दमट हवेतील पाण्याच्या रेणूंनी तो हळूहळू विघटित होतो, बूट न वापरता कपाटात पडून असला तरीही. तेव्हा कोकणपट्टीतील वाचकांनी पावसाळी भटकंतीपूर्वी जुन्या बुटाचा हा थर अंगठ्याने दाबून पाहावा. तो भुगा होऊ लागला असल्यास तळ बदलून घ्यावा.