गोठविलेल्या रक्तांतील जीवनसत्त्वें

नॉर्वे देशांत १९७३ सालीं एक चमत्कारिक पेढी स्थापन झाली. तिच्यांत ठेव ठेवली ती पैशाची नव्हे, रक्ताची. रक्त साकळून गुठळी वेगळी झाली म्हणजे जो पिवळसर द्रव उरतो, त्यास सीरम म्हणतात. रक्तदाते आणि आरोग्य-तपासणीस आलेले नागरिक मिळून तीन लाखांवर माणसांचें सीरम लहान नळ्यांत भरून उणे २५ अंश सेंटिग्रेडवर तेथें गोठवून ठेवलेलें आहे. पेढीचें नांव जॅनस. मागें आणि पुढें एकदमच पाहणाऱ्या द्विमुखी रोमन देवाचें. नांव साजेसें आहे. धडधाकट माणसास २० वर्षांनीं कर्करोग झाला, तर त्याची जुनी नळी काढून, रोगापूर्वीं त्याच्या रक्तांत काय होतें तें पाहतां यावें, हा हेतु.

परंतु नळींत आज जें सांपडतें, तेंच त्या वेळीं रक्तांत होतें काय? फोलेट हें पालेभाज्यांतून मिळणारें ‘ब’ गटांतील जीवनसत्त्व. तें जुन्या नळींत कमी भरलें, तर ती उणीव माणसाची कीं कपाटाची? येथें चूक झाली तर अमुक जीवनसत्त्वाच्या अभावानें अमुक रोग होतो असा खोटा निष्कर्ष निघेल, आणि त्याच्या गोळ्या घरोघर जाऊं लागतील.

गोठलेल्या पदार्थांत सर्व हालचाल थांबते, ही समजूत सार्वत्रिक आहे. पण ती खरी नव्हे. हातानें फिरविण्याच्या आइस्क्रीमच्या पॉटांत बर्फावर मीठ घालतात, कारण खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. सीरमही खारेंच. तें थंड होऊं लागलें कीं, आधीं निव्वळ पाण्याचा बर्फ वेगळा निघतो आणि उरलेल्या थेंबांत क्षार, प्राणवायु व जीवनसत्त्वें दाटीनें कोंडलीं जातात. मिठाचें पाणी पुरतें घट्ट व्हावयास उणे २१ अंशांच्याही खालीं जावें लागतें. पुष्कळ प्रयोगशाळांतील साधीं शीतकपाटें उणे २० वर चालतात. म्हणजे अगदीं उंबरठ्यावर! तेथें रासायनिक फेरफार मंद होतात, बंद होत नाहींत.

सर्वच जीवनसत्त्वें सारखीं नाजूक नसतात. ‘ड’चें रक्तांत फिरणारें रूप मोठें दणकट, वर्षानुवर्षें गोठवूनही तें फारसें घटत नाहीं. ‘अ’ उणे ७० अंशांवर चांगलें टिकतें. ‘ई’ मात्र उणे २० वर कांहीं महिन्यांतच घसरूं लागतें. सर्वांत नाजूक तें ‘क’. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यांत १९९३ ते १९९७ या काळांत हजारों स्त्रीपुरुषांचें रक्त घेतलें, तेव्हां ‘क’साठीं रक्तद्रवांत मेटाफॉस्फोरिक आम्ल मिसळून तो उणे ७० अंशांवर ठेवला, आणि एवढें करूनही मोजणी आठवड्याच्या आंत उरकली.

फोलेटची हकीकत अधिक मनोरंजक आहे. जॅनसमधील २९ वर्षांपर्यंतच्या जुन्या नमुन्यांचें संशोधन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. मूळ फोलेट बरेंचसें मोडलेलें होतें. परंतु त्याच्या रेणूचा एक तुकडा नळींतच मागें राहतो. आम्लाची प्रक्रिया करून शिल्लक राहिलेलें फोलेटही त्याच तुकड्यांत उतरवितां येतें, व मग सर्व तुकडे एकत्र मोजतां येतात. घागरी फुटल्या तरी त्यांचे कांठ मोजून त्या किती होत्या हें सांगावें, तसा हा प्रकार.

दुसरी एक फसगत याच्या उलट आहे. झांकण सैल असलें तर बर्फाची हळूहळू वाफ होऊन जाते आणि उरलेल्या द्रवांत मात्रा उगाच फुगलेली दिसते. ती ओळखावयाची सोडियमवरून. कारण माणसामाणसांत त्याचें प्रमाण जवळजवळ सारखें असतें.

म्हणून जाणते संशोधक रोग्याच्या नळीशेजारीं निरोग्याची नळी घेतात ती त्याच वर्षींची, तितक्याच थंडींत राहिलेली व तितक्याच वेळां वितळविलेली. मग ऱ्हास दोहोंकडे सारखा धरतां येतो. ‘क’च्या बाबतींत मात्र हाही उपाय चालत नाहीं, दोन्हीं नळ्यांतून तें साफ नाहींसें झालें असेल, तर कोणाच्या रक्तांत तें अधिक होतें हें कशावरूनही कळावयाचें नाहीं.